नमुना क्रमांक त्रेसष्ट

मुंबई, १० जानेवारी १९८८

देवरावभाऊ,
सप्रेम जयभीम.

दोन वर्षांनी पत्र लिहितेय आणि तेही कामासाठी, हे आधीच कबूल करते. एम.डी. झाल्यापासून मी इथल्या एका मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या खात्यात हंगामी जागेवर आहे. सहा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवस घरी, मग पुन्हा सहा महिने. असं तीनदा झालं. कायम व्हायचं तर स्वतःचं संशोधन दाखवावं लागतं, आणि संशोधनाला पैसा लागतो.

एड्सबद्दल तुम्ही पेपरात वाचलं असेल. त्याचे विषाणू रक्तातूनही जातात. इथं सगळे वेश्यावस्तीकडं बोट दाखवून मोकळे होतात, रक्त विकून पोट भरणाऱ्यांकडं कोणी पाहत नाही. आपल्याकडं खाणी आहेत, दक्षिणेकडून येणारे ट्रक आहेत, आणि तुमच्या रक्तपेढीच्या दारात रोज उभी राहणारी माणसं आहेत. दिल्लीच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं पस्तिशीच्या आतल्या संशोधकांसाठी तीन वर्षांचं अनुदान काढलंय. अर्ज स्वतःच्या नावानं करता येतो. मी बावीस पानं लिहून काढली आहेत. विषय आहे, चंद्रपूर जिल्ह्यातले रक्त विकणारे.

तुम्ही बारा वर्षं त्या पेढीत टेक्निशियन आहात. अशी किती माणसं येतात? दोनशे जणांचं थोडं थोडं रक्त मिळेल का? आमचे विभागप्रमुख डॉ. दाबके म्हणतात, तिकडचे लोक घाबरून पळतील. तुम्ही असल्यावर पळणार नाहीत, असं मी त्यांना सांगितलंय.

तुमची
सत्यशीला

•

चंद्रपूर, २ फेब्रुवारी १९८८

चि. सत्यशीला,
जयभीम.

तुह्यं पत्र भेटलं. कांताले वाचून दाखवलं. ती सावलीहून भावाच्या घरी आली आहे, तिले दुसऱ्यांदा दिवस गेले. म्हणे, आपली सत्या डाक्टरीण झाली अन् अजून शाळेतल्यावानी अर्जच लिहून राह्यली.

माणसं गंज आहेत. दोनशे काय, मोजतो म्हटलं तर जास्तीच भरतीन. लटारू नावाचा एक आहे, जिवतीकडचा. डोंगरावरची कोरडी जमीन, दोन वर्षं पिकलं नाई म्हणून बायकोले घेऊन खाली आला. कोळसा भराले जाते, काम नसलं का आमच्या पायऱ्यावर येऊन बसते. दसरू आहे, रिक्षा चालवते. हे लोक पळत नाईत, सत्या. पळाले त्याइच्यापाशी दुसरी जागाच नाई. तुह्या डाक्टरसाहेबाले सांग.

मालकाले मी समजावतो. कॉलेजचा शिक्का असलेला कागद आण, तो शिक्क्याले भेते.

पण माही एक अट आहे. ज्याचं रक्त घेशील त्याले निकाल सांगाचा. मागं एक साहेब आले, खाणीतल्या लोकाइची छाती फोटोत काढून घेऊन गेले, कोणाले काही सांगतलं नाई. लोक अजून मले विचारते का आमचा फोटो कुठी गेला. तसं कराचं असंल तर येऊ नको. कराचं नसंल तर मी तुह्यासंगं उभा आहो.

तुहा भाऊ
देवराव

•

मुंबई, २८ मार्च १९८८

देवरावभाऊ,
सप्रेम जयभीम.

अनुदान मंजूर झालं, पण मला नाही.

अर्जावर विभागप्रमुखाची सही लागते. डॉ. दाबकेंनी तो महिनाभर टेबलावर ठेवला. मुदत संपायला चार दिवस असताना मला बोलावून म्हणाले, "हंगामी बाईच्या हातात दिल्ली तपासणीची परदेशी किट देणार नाही. मुख्य संशोधक म्हणून माझं नाव राहू दे, तू सहायक." मी म्हटलं, हे अनुदान तर नवख्यांसाठीच आहे. ते म्हणाले, "म्हणून तो अर्ज आपण मोठ्या योजनेत घालू. आणि तुला काय काळजी? तुमच्या लोकांना राखीव जागेवर कुठंही घेतील."

खोलीत आणखी दोघं होते. दोघांनी खिडकीबाहेर पाहिलं.

बावीस पानं तीच आहेत, भाऊ. माझं चुकलेलं एक स्पेलिंगसुद्धा तसंच राहिलं. पहिल्या पानावरचं नाव तेवढं बदललं. मी सही केली. नाही म्हटलं असतं तर जूनमध्ये पुढची ऑर्डर निघाली नसती आणि कामही दुसऱ्या कुणाकडं गेलं असतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात बर्फाची पेटी घेऊन येते. तुमची अट मला मान्य आहे. नावं तुमच्या वहीत राहतील, माझ्याकडं फक्त नंबर. निकाल लागला की मी नंबर कळवीन, तुम्ही माणसाला सांगा.

सत्यशीला

•

चंद्रपूर, १५ जुलै १९८८

चि. सत्यशीला,
जयभीम.

तू जाऊन दोन महिने झाले. एकशे शहाऐंशी माणसाइचं रक्त नऊ दिवसात घेतलं, आमच्या पेढीत असं कोणी पाह्यलं नव्हतं. तू खाली पोत्यावर बसून एकेकाले समजावत होती, ते लोकाइच्या ध्यानात आहे. दसरू तुले रक्तवाली बाई म्हणते.

आता ते रोज विचारून राह्यले. लटारू तर येता-जाता म्हणते, "भाऊ, बाईचा कागद आला का? माह्या अंगात आजकाल ताप राह्यते." मी म्हणतो, मुंबई दूर आहे.

कांताले पुढच्या महिन्यात इथंच दवाखान्यात आणाचं आहे. पहिलं मूल अडलं होतं, म्हणून आई भिऊन राह्यली.

काही निघालं असंल तर दोन ओळी टाक.

देवराव

•

मुंबई, ३ सप्टेंबर १९८८

देवरावभाऊ,
सप्रेम जयभीम.

उत्तराला उशीर झाला. किट कस्टममध्ये अडकली होती. तपासणी चालू आहे, इतक्यात काही सांगता येणार नाही. तुम्ही लोकांना थोडा धीर धरायला सांगा.

नोव्हेंबरमध्ये अधिव्याख्याता पदाची मुलाखत आहे. कायम जागा. निवड समितीवर डॉ. दाबके आहेत. या दोन महिन्यांत मला फार जपून राहावं लागणार आहे.

कांताचं कसं झालं? मुलगा की मुलगी, कळवा.

सत्यशीला

•

चंद्रपूर, १९ ऑक्टोबर १९८८

सत्यशीला,

नागपूरचा पेपर काल हातात पडला. तिसऱ्या पानावर तुह्या डाक्टरसाहेबाचा फोटो आहे. दिल्लीत डाक्टराइच्या सभेत त्याइनं सांगतलं का चंद्रपूरच्या रक्त विकणाऱ्या एकशे शहाऐंशी लोकाइत दोघाइले एड्सचे विषाणू निघाले. टाळ्या वाजल्या असं लिवलं आहे. तुह्यं नाव कुठीच नाई.

खाली हेही लिवलं आहे का हे निकाल जुलैतच आले होते.

तुनं मले सप्टेंबरात काय लिवलं, ते पत्र काढून मी पाच वेळा वाचलं. तपासणी चालू आहे. धीर धरा. मी तो धीर वाटून राह्यलो होतो, सत्या. पायरीवर बसलेल्या एकेका माणसाले वाटून राह्यलो होतो.

आता ऐक. कांताले मुलगी झाली. एकोणीस ऑगस्टले. रक्त गंज गेलं, दोन बाटल्या चढवा लागल्या. त्या बाटल्या आमच्याच पेढीतल्या. मीच गट जुळवला, मीच हातानं नेऊन देल्ल्या. तवा तुह्यापाशी कागद येऊन तीनेक आठवडे तरी झाले होते.

दोघं कोण, ते मले माहीत नाई. मालकानं पेपर वाचून सगळ्याइले पायरीवरून हाकललं, अन् आज बाटल्या कमी पडल्या म्हणून परत बोलावलं. आता सुई हातात घेऊन बसलो आहो. कोणाचं घेऊ, कोणाचं नको घेऊ?

तुह्या नोकरीचं मले समजते. आम्ही सगळ्याइनंच तुले शिकवाले ओढाताण केली. पण कांता तुह्यासंगं एका पाटीवर शिकली. तिचं नाव लिवून तू विचारते का मुलगा का मुलगी.

नंबर पाठव. नाई पाठवाचे असतीन तर मले भाऊ म्हणू नको.

देवराव

•

मुंबई, २७ ऑक्टोबर १९८८
रजिस्टर पोस्टाने

देवरावभाऊ,

नंबर हे आहेत. त्रेसष्ट आणि एकशे बेचाळीस.

या दोघांचं रक्त आज, आत्तापासून घेऊ नका. कांताच्या बाटल्या कुणाच्या होत्या ते वहीत पाहा आणि मला तार करा.

मी खोटं लिहिलं. पक्का निकाल अठ्ठावीस जुलैला आला. त्याच दिवशी मी डॉ. दाबकेंना म्हटलं, पेढीला कळवू या. ते म्हणाले, "आपला शोधनिबंध छापून येईपर्यंत एक शब्द बाहेर जाणार नाही. रुग्णाची गोपनीयता असते, एवढंही तुला शिकवलं नाही का?" मी म्हटलं, गोपनीयता जगापासून असते, ज्याचं रक्त त्याच्यापासून नसते. त्यावर ते हसले. म्हणाले, "मुलाखत नोव्हेंबरात आहे ना तुझी?"

एवढंच. धमकी म्हणावी तर तीही नाही. एका वाक्यानं मी गप्प बसले आणि तीन महिने गप्प राहिले. स्वतःला सांगत होते की कायम झाले की सगळं माझ्या हातात येईल, मग मी माझ्या पद्धतीनं काम करीन. आज ते वाक्य आठवलं की मला माझी किळस येते. दाबकेंचा राग येणं सोपं आहे. त्या पत्रावर सही मात्र माझी होती.

तुमचं पत्र वाचून मी सरळ त्यांच्या खोलीत गेले. सांगितलं, नंबर कळवतेय, तुम्हाला काय करायचं ते करा. ते म्हणाले, "ही अनुदानाच्या अटींची पायमल्ली आहे. तुझं करिअर इथं संपलं." मी म्हटलं, लिहून द्या. त्यांनी नाही दिलं.

कांताची तार करा.

सत्यशीला

•

चंद्रपूर, १२ नोव्हेंबर १९८८

चि. सत्यशीला,

तार भेटली असंल. कांताच्या दोन्ही बाटल्या दसरूच्या अन् दवाखान्यातल्या एका शिपायाच्या. दसरूचा नंबर वेगळा आहे, अन् शिपायानं तुह्यापाशी रक्त देल्लं होतं, त्याचाही नंबर त्या दोघात नाई. कांताले काही सांगतलं नाई. आईनं मले रडतानी पाह्यलं, म्हणे पोटात दुखते का.

आता माह्यं ऐक. मागच्या पत्रात मी तुह्यावर गंज तोंड टाकलं. तवा हे लिवलं नाई.

त्रेसष्ट म्हणजे लटारू. एकशे बेचाळीसवर नाव आहे लहानू. सत्या, लहानू नावाचा माणूस नाई. तोही लटारूच आहे.

नियम असा का एकदा रक्त देल्लं तं तीन महिने घ्याचं नाई. पण लटारू पंधरा दिवसात येऊन उभा राह्यते. मालक म्हणे, दुसऱ्या नावानं लिव. मी लिवत गेलो. लटारू, लहानू, अन् अजून एक. दोन वर्षं झाले. तू आली तवा प्रत्येकाले जेवणाचं पाकीट देत होती. तो पाचव्या दिवशी परत रांगेत आला, म्हणे बायकोसाठी एक पाकीट पाह्यजे. मी त्याले लहानू करून बसवला. तू मान वर न करता सुई टोचली.

म्हणजे तुह्या साहेबाचे दोघं नाईत, एकच आहे. अन् एकशे शहाऐंशी बी नाईत.

जुलै सरल्यापासून त्याच्या चार बाटल्या गेल्या. त्या घेणारी दोघं माणसं आपल्याच दुखण्यानं दवाखान्यातच वारली. एकाचा पत्ता खोटा निघाला. चौथी बावीस ऑगस्टले गेली, गडचिरोलीकडून आणलेल्या एका बाळंतिणीले. नाव सोमारी, चामोर्शीच्या पुढं जंगलातलं गाव. लहानूच्या नावावर आहे, म्हणून माह्याशिवाय कोणाले समजलं नसतं. जुलैच्या आधीचं वहीत पाहाची मले हिंमत होत नाई, पण पाहीन.

लटारूले मी सांगतलं. पेढीच्या मागं नेऊन, एकट्याले. त्याले वाटलं पैसे वाढवून मिळते. समजलं तवा त्यानं माही गचांडी धरली. म्हणे, "मे महिन्यात घेतलं, दिवाळीले सांगते? माह्या बायकोले, रुखमाले लागलं असंल तं?" मी हात सोडवला नाई. नंतर तोच सोडून बसला. रुखमाचं रक्त काढून मी बर्फात ठेवलं आहे. सोमारीचं तिकडच्या उपकेंद्रातून काढून मागवतो. कोणाकडं तपासाले पाठवू, सांग.

मालकाचं हे दोन नावाचं काम मी जिल्ह्याच्या डाक्टरापुढं बोललो. परवापासून मी कामावर नाई.

देवराव

•

नागपूर, २२ जानेवारी १९८९

देवरावभाऊ,
सप्रेम जयभीम.

पत्ता पाहून समजलं असेल. मुंबई सुटली. मुलाखतीला मला बोलावलं, बसवलं, आणि एकही प्रश्न न विचारता "ठीक आहे" म्हणून उठवलं. डिसेंबरची ऑर्डर निघाली नाही. इथं एका खाजगी लॅबमध्ये लघवी आणि साखर तपासते.

जायच्या आधी डॉ. दाबकेंना लेखी कळवलं की दोन नमुने एकाच माणसाचे आहेत, आकडा दुरुस्त करा. त्यांनी तो कागद माझ्यासमोर ड्रॉवरमध्ये टाकला. "दोनमध्ये आणि एकमध्ये विज्ञानाला फरक पडत नाही," म्हणाले. दिल्लीला लिहिलं. उत्तर आलं की ही विभागाची अंतर्गत बाब आहे आणि अनुदानाचं दुसरं वर्ष मंजूर करण्यात आलं आहे. तेच पत्र मुंबईच्या खात्यातल्या मैत्रिणीनं नोटीस बोर्डावर लावलेलं पाहिलं, पेढ्यांच्या पाकिटाशेजारी.

पेढी तीन दिवस बंद राहून परत उघडली, असं ऐकलं. तुम्ही सावलीला धान कापायला गेलात हेही ऐकलं. बारा वर्षं शिरा शोधणाऱ्या हातात विळा.

तुमचे दोन्ही नमुने त्याच मैत्रिणीकडं पाठवले होते. तिनं आपल्या तपासणीत दोन नळ्या जास्त लावल्या, दोनदा. रुखमाला काही नाही. सोमारीला आहे.

तुम्ही तिला सांगायला जाऊ नका. हे मी सांगायचं आहे. मार्च सरल्याशिवाय हे लॅबवाले सुट्टी देणार नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशी निघते.

सत्यशीला

•

नागपूर, ९ एप्रिल १९८९

देवरावभाऊ,
सप्रेम जयभीम.

जाऊन आले. सावलीवरून बस गेली, उतरले नाही. तुमच्यासमोर आधी बसले असते तर पुढं जाण्याचा धीर झाला नसता.

चामोर्शीच्या पुढं उपकेंद्रातली दाई बुधरी सोबत आली. तिला गोंडी येते. सोमारी बावीस-तेवीसची असेल. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती, त्यांच्याकडेला बाळ घेऊन बसली होती. नवरा इसरू खाटेवर होता. आम्हाला बसायला सांगितलं, पाणी दिलं.

मी सांगितलं. बुधरी गोंडीत सांगत गेली. सोपं करून सांगायचं ठरवलं होतं, पण या गोष्टीत सोपं काही नाही. जे रक्त देऊन तुला वाचवलं त्यातच आजार होता. औषध नाही. कधी वर येईल ते सांगता येत नाही. नवऱ्याचंही रक्त बघावं लागेल.

इसरूला मराठी येते. तो मध्येच म्हणाला, "बाई, त्या माणसाच्या रक्तात आहे हे तुमाले कवा समजलं?"

मी म्हटलं, जुलैमध्ये.

"अन् हिले कवा चढवलं?"

ऑगस्टमध्ये.

बुधरीनं माझ्याकडं पाहिलं. मी खोटं बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं. इसरू उठला. ओरडला नाही. आमच्यासमोरचा पाण्याचा गडू उचलून त्यानं अंगणाबाहेर ओतला आणि म्हणाला, "जा."

आम्ही उठलो. तेवढ्यात सोमारी पहिल्यांदा बोलली. बुधरीला गोंडीत काही विचारलं. मी म्हटलं, सांग. बुधरी म्हणाली, "ते इचारते, लेकराले दूध पाजू का नको पाजू?"

भाऊ, सात महिन्यांची पोर. दुधातून जातं, असं परदेशात दोन-चार ठिकाणी लिहिलंय. किती वेळा जातं, ते कुणाला ठाऊक नाही. पाजू नको म्हणावं तर त्या गावात पावडर नाही, गाय नाही, ओढ्याचं पाणी आहे. त्या पाण्यानं पोर महिन्याभरात हगवणीनं जाईल. मी म्हटलं, पाज. माझ्या अंदाजानं म्हटलं. एवढं शिकून, एवढ्या नळ्या तपासून, त्या बाईला माझ्याकडून अंदाज मिळाला. पोरीचंही रक्त बघितलं पाहिजे, पण दीड वर्षाच्या आत बघून उपयोग नाही, हेही तिला सांगितलं. ती ऐकत होती का कळलं नाही.

दाबकेंच्या पेपरात अकरा तक्ते आहेत. सोमारीनं विचारलं त्यावर त्यात एक ओळ नाही. दोन वर्षांची मंजुरी मिळालेल्या त्या कामात तो प्रश्न विचारलाच जाणार नाही. परतीच्या बसमध्ये मला इतका राग आला होता की शेजारची बाई जागा बदलून मागं गेली.

मी दिल्लीचा अर्ज पुन्हा भरलाय. वयाची अजून चार वर्षं आहेत. विषयाच्या रकान्यात बुधरीनं सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं लिहिलंय, इंग्रजीत खाली. विभागप्रमुखाच्या शिफारशीचा रकाना कोरा आहे. तेवढ्यावरच फेकून देतील, मला माहीत आहे. क्षेत्रीय सहकारी म्हणून तुमचं नाव घातलंय आणि दोन नावांच्या वहीबद्दलही खरं ते लिहिलंय. तुम्हाला चालत नसेल तर या महिन्यात कळवा.

सत्यशीला

•

सावली, २६ एप्रिल १९८९

चि. सत्यशीला,
जयभीम.

नाव राहू दे. वहीचं बी राहू दे.

हे पत्र घाईत लिवून राह्यलो. सकाळी इसरू आला. वैनगंगा ओलांडून, अर्धा रस्ता पायी. बुधरीपासून माह्यं नाव घेतलं म्हणे. मले वाटलं माराले आला. मी पुढं होऊन उभा राह्यलो.

त्यानं मारलं नाई. पोरीले चार दिवसापासून ताप आहे. सोमारीनं भीतीपोटी पाजणं सोडलं होतं, तांदळाचं पाणी देऊन राह्यली होती. आता परत पाजू का, अन् पाजलं तं काय होईन, हे त्याले समजून घ्याचं आहे. मी म्हटलं, बाईनं सांगतलं ना, पाज. तो म्हणे, "बाईनं सांगतलं. पण बाईच्या डोयात मले दिसलं का तिले बी माहीत नाई."

पोरीले मी आजच चामोर्शीच्या दवाखान्यात न्याले लावतो, कांता सोमारीच्या गावाले जाऊन राह्यली. कांताले आता सगळं माहीत आहे. तिनं आपली पोर कडेवर घेतली, चप्पल घातली अन् निघाली.

दुधाचं तुले जेवढं समजते तेवढं सगळं लिवून पाठव. जे समजत नाई ते समजत नाई म्हणून लिव. इसरू आंगणात बसला आहे. म्हणते, कागद आल्याशिवाय मी उठत नाई.

देवराव